दाढेतल्या चांदीचा हिशेब मागणारा माणूस

अकरावीच्या केमिस्ट्रीतलं रेडॉक्सचं प्रकरण आठवतंय का? लोखंडाच्या क्लोराइडचं नाव लिहिताना आयर्नपुढे कंसात रोमन आकडा टाकायचा, म्हणजे लोखंडाची ऑक्सिडेशन अवस्था दोन आहे की तीन ते लगेच कळतं. या पद्धतीला स्टॉक नोटेशन म्हणतात, हे तुम्ही सीईटीच्या तयारीत घोकलं असेल. बऱ्याच जणांना वाटतं, स्टॉक म्हणजे साठा वगैरे काहीतरी असणार. तसं नाही. स्टॉक हे एका माणसाचं आडनाव आहे. आल्फ्रेड स्टॉक, जर्मन रसायनशास्त्रज्ञ. आणि या माणसाचा तुमच्या तोंडाशी थेट संबंध आहे, ही गोष्ट मात्र कुठल्याच गाइडमध्ये नसते.

आरशासमोर उभे राहा आणि मोठा आ करा. मागच्या एखाद्या दाढेत करडा-काळपट ठिपका दिसतोय? तुमच्या नाही तर आईबाबांच्या किंवा आजीच्या दाढेत तरी सापडेलच. आपल्याकडे त्याला ‘चांदी भरली’ असं म्हणतात. चांदी त्यात असते, पण वजनाने जवळपास निम्मा असतो तो पारा. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथिल आणि तांबं. या मिश्रणाचं नाव अमाल्गम.

आता मोबाइल उघडा. एक रील सांगते, तुमच्या दाढेत विष आहे, आजच काढून टाका. दुसरी सांगते, दीडशे वर्षं लोक हेच भरून घेतायत, काही होत नाही. मीरा रोड स्टेशनवरून घरी चालत जाताना दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजल्यात तर एका हाताची बोटं पुरत नाहीत. त्यामुळे काढून टाकायचं ठरवलंत तर सोय आहेच. पण काढायची की ठेवायची? मोजमापाच्या आधाराने हा प्रश्न जगापुढे जोरात मांडला तो १९२६ साली, स्टॉकने. त्याने तो का मांडला, हे कळायला त्याचं आयुष्य बघावं लागतं. कारण पाऱ्याने आधी त्यालाच गाठलं होतं.

हवा लागली की पेट

आल्फ्रेड स्टॉकचा जन्म १६ जुलै १८७६ चा, डान्झिग या बंदराच्या शहरातला. तेव्हा ते जर्मनीत होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव ग्दान्स्क. शिकायला तो बर्लिनला गेला. तिथे त्याला गुरू मिळाला एमिल फिशर, ज्याला पुढे १९०२ मध्ये नोबेल मिळालं. डॉक्टरेट झाल्यावर स्टॉक वर्षभर पॅरिसला गेला, ऑंरी म्वासां यांच्याकडे. फ्लोरिन वेगळा काढणारे म्वासां तेच. म्हणजे पंचविशीच्या आतच या मुलाने त्या काळातल्या दोन सर्वोत्तम प्रयोगशाळा आतून पाहिल्या होत्या.

१९०९ मध्ये तो ब्रेस्लाऊला प्राध्यापक झाला आणि त्याने एक असा विषय हातात घेतला ज्याला शहाणी माणसं हात लावत नव्हती. आवर्तसारणीत कार्बनच्या डाव्या बाजूला बोरॉन बसतो. कार्बन आणि हायड्रोजन मिळून लाखो संयुगं बनवतात. मग शेजारचा बोरॉन काय करतो? उत्तर शोधणं अवघड होतं, कारण बोरॉन आणि हायड्रोजनची संयुगं हवेशी गाठ पडताच पेट घेऊ शकतात. ओलावा लागला तर विघटन होतं. वर ती विषारी.

स्टॉकने तोडगा काढला. हवा लागूच द्यायची नाही. काचेच्या नळ्या एकमेकींना जोडून त्याने एक बंदिस्त यंत्रणा उभी केली, आतली हवा पंपाने ओढून घेतली आणि सगळा प्रयोग या निर्वातातच करायचा असं ठरवलं. वायू तयार करायचा, थंड करून गोठवायचा, पुन्हा उडवायचा, वेगळा करायचा, मोजायचा, सगळं काचेच्या आत. ‘व्हॅक्यूम लाइन’ नावाची जी गोष्ट आजही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत दिसते, तिच्या मुळाशी स्टॉकचं हे काम आहे.

फक्त एक अडचण होती. काचेच्या तोट्यांना ग्रीस लावावं लागतं, आणि हे वायू ग्रीसशी जुळवून घेत नाहीत. मग तोट्यांच्या जागी त्याने पाऱ्याच्या झडपा बसवल्या. दाब मोजायला पारा. पंपात पारा. प्रयोगशाळेत पाऱ्याची उघडी भांडी असायची, काम करताना थोडा सांडायचा, फरशीच्या फटीत जायचा. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तेव्हाच्या बहुतेक प्रयोगशाळांत असंच चालायचं.

काम मात्र अफाट झालं. डायबोरेनपासून डेकाबोरेनपर्यंत बोरॉनच्या हायड्राइडची एक अख्खी मालिका त्याच्या प्रयोगशाळेतून बाहेर आली. सिलिकॉनच्या हायड्राइडवर काम झालं. कोऑर्डिनेशन केमिस्ट्रीत तुम्ही जो ‘लिगँड’ शब्द वापरता तो त्याने १९१६ मध्ये सुचवला. १९१९ मध्ये नावं लिहायची रोमन आकड्यांची पद्धत मांडली. १९१६ मध्येच तो बर्लिनच्या डाहलेम भागातल्या कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि १९२१ मध्ये तिथला संचालक झाला. ऑटो हान आणि लीझे माइटनर याच संस्थेत काम करत होते. चाळिशीच्या मध्यावर असलेल्या शास्त्रज्ञाला आणखी काय हवं?

फोन नंबर विसरणारा प्रोफेसर

पण घरी आणि प्रयोगशाळेत वेगळंच काही सुरू होतं. सुरुवात डोकेदुखीने झाली. मग चक्कर. नाक सतत चोंदलेलं. कान नीट ऐकेनात. नाकाच्या डॉक्टरांकडे वाऱ्या झाल्या, उपचार झाले, फरक शून्य. दोन-चार वर्षं नाही, हा त्रास कमी-जास्त होत अनेक वर्षं चालला, आणि १९२० नंतर तो असह्य झाला.

सगळ्यात वाईट गोष्ट होती स्मरणशक्ती. यादीत फोन नंबर बघायचा आणि फोनपर्यंत पोचेपर्यंत तो विसरायचा. ओळखीच्या माणसांची नावं आठवायची नाहीत. काल काय वाचलं ते आज डोक्यात नसायचं. वर्गात शिकवायला जाताना सगळं लिहून न्यावं लागायचं. साधी आकडेमोड जड जाऊ लागली, बुद्धिबळाचा डाव पुढे सरकेना. जो माणूस काचेच्या नळीतला एक थेंब वायू हरवू देत नव्हता, त्याच्या डोक्यातून कालचा दिवस निसटत होता.

यातून स्वभाव बदलला. तो चिडचिडा झाला, लोकांत मिसळेना, उदास राहू लागला. वय झालं, कामाचा ताण आहे, हवा बदलून बघा, असंच तेव्हा त्याला कोणीही सांगितलं असतं. आजही आपण एखाद्याला हेच सांगतो, नाही का?

उलगडा झाला १९२४ मध्ये. त्याच्या प्रयोगशाळेतल्या आणखी एकाला तशीच लक्षणं दिसू लागली. बर्लिनमधले विषशास्त्राचे जाणकार लुई लेविन यांनी पाऱ्याची शंका घेतली. मग प्रयोगशाळेची हवा तपासली, तिच्यात पाऱ्याची वाफ निघाली. तिथे काम करणाऱ्यांना विचारलं, तर थकवा, डोकेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी जवळपास प्रत्येकाकडे होत्या. प्रत्येक जण आपापला त्रास गुपचूप सोसत होता आणि कारण सगळ्यांचं एकच होतं.

इथे थोडं विज्ञान. पारा साध्या तापमानाला द्रव असतो हे तुम्हाला माहीत आहे. पण तो द्रव असतानाही हळूहळू उडत असतो, आणि त्या वाफेला ना रंग, ना वास. २० अंश सेल्सिअसला बंद खोलीतली हवा पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरली, तर एका घनमीटरमध्ये १३ ते १४ मिलिग्रॅम पारा मावतो. कामाच्या ठिकाणासाठी आज धरली जाणारी एक मर्यादा आहे घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे उघडा पारा असलेल्या कोंदट खोलीतली हवा मर्यादेच्या ५०० पटींपर्यंत जाऊ शकते. श्वासातून आत गेलेली ही वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचते. गिळलेला धातूरूप पारा आतड्यातून फारसा शोषलाच जात नाही. हुंगलेला मात्र बहुतेक सगळा आत राहतो. स्टॉकला ही गोष्ट आपल्या शरीरावर कळली.

भीतीचं रूपांतर आकड्यात

दुसरा कोणी असता तर त्याने पाऱ्याचं काम सोडलं असतं आणि गप्प बसला असता. मोठ्या संस्थेच्या संचालकाने, माझी स्मरणशक्ती गेली होती, असं छापून सांगायचं म्हणजे स्वतःच्याच अब्रूवर पाणी सोडण्यासारखं. स्टॉकने तेच केलं. १९२६ च्या एप्रिलमध्ये त्याने जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर लेख लिहिला आणि त्यात आपली सगळी लक्षणं, लाज न बाळगता, एकेक करून मांडली. प्रयोगशाळेत पारा उघडा ठेवू नका, खिडक्या उघड्या ठेवा, फरशीला फटी नकोत, सांडलेला कण न् कण उचला, असं त्याने सगळ्यांना बजावलं. पाऱ्याशी खेळलेल्या जुन्या शास्त्रज्ञांची दुखणी आठवून, मायकेल फॅरेडेच्या उतारवयातल्या विस्मरणामागेही पाराच असेल का, अशी शंका त्याने घेतली.

पण त्याचं खरं मोठेपण पुढे आहे. आपण आजारी पडलो म्हणून पारा वाईट, एवढ्यावर तो थांबला नाही. किती पारा वाईट, हे त्याला हवं होतं. त्या काळी इतका कमी पारा मोजायची पद्धतच धड नव्हती. त्याने ती तयार केली. हवेतला, लघवीतला, रक्तातला पारा रासायनिक रीतीने गोळा करायचा, शेवटी त्याचा एक इवलासा गोल थेंब बनवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या थेंबाचा व्यास मोजायचा. व्यासावरून आकारमान, आकारमानावरून वजन. नववी-दहावीचं गोलाच्या घनफळाचं सूत्र! या रीतीने तो मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत खाली गेला. १९३४ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी फ्रीडरिश कुकुएल याने दाखवून दिलं, की अगदी थोडा पारा सगळीकडेच असतो, पावसाच्या पाण्यात आणि अन्नातसुद्धा. म्हणजे पारा सापडला एवढ्याने घाबरायचं कारण नाही. किती सापडला, ते सांगा.

आणि मग दात

आता आपण दाढेपाशी आलो. वाफ घातक, तर तोंडात कायम बसलेल्या पाऱ्याचं काय, हा प्रश्न त्याच १९२६ च्या लेखात स्टॉकने विचारला. दातांच्या डॉक्टरांमध्ये खळबळ उडाली.

खरं तर भांडण जुनं होतं. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाच्या भावांनी न्यूयॉर्कमध्ये चांदीची नाणी आणि पारा मिसळून स्वस्तात दात भरायचा धंदा मांडला. सोन्याने दात भरणारे प्रतिष्ठित डॉक्टर संतापले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या पहिल्या मोठ्या संघटनेने सदस्यांकडून अमाल्गम वापरणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. वाद इतका चिघळला की १८५६ मध्ये संघटनाच मोडली. त्या भांडणात रुग्णाच्या काळजीइतकीच गिऱ्हाईक जाण्याची भीती होती. पुढे १८९० च्या दशकात जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकी डॉक्टरने मिश्रणाचं प्रमाण नीट बसवलं, अमाल्गम टिकाऊ झालं आणि जगभर पसरलं. गरीब माणसाला दाढ उपटण्याऐवजी वाचवता येऊ लागली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

स्टॉकच्या लेखाने हे भांडण पुन्हा पेटलं, पण यावेळी हातात मोजमाप होतं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात लोकांची तपासणी सुरू झाली. तोंडात अमाल्गम असलेल्यांच्या लघवीतला पारा मोजला गेला. दोनेक वर्षांत चित्र थोडं स्पष्ट झालं. सगळी अमाल्गमं सारखी नव्हती. तेव्हा तांब्याचं अमाल्गम वापरात होतं. त्याची गोळी डॉक्टर दिव्यावर तापवून मऊ करायचा आणि पारा सरळ खोलीत उडायचा. दातात बसल्यावरही ते झिजत राहायचं. हे बंद करा, यावर बऱ्यापैकी एकमत झालं. चांगल्या प्रतीच्या चांदीच्या अमाल्गममधून मात्र फार कमी पारा सुटत होता, आणि बहुतेक लोकांना त्याने त्रास होत असल्याचं दिसत नव्हतं. क्वचित एखाद्याला होऊ शकतो, असं म्हणून विषय अर्धवट मिटला.

स्टॉकचं समाधान झालं नाही. १९३० च्या दशकातही तो जुनाट पारा-विषबाधेवर लिहीत राहिला. तो अंशतः बरोबर होता आणि अंशतः त्याच्या स्वतःच्या दुखण्याच्या सावलीत होता. ज्याने वर्षानुवर्षं वाफ भोगली, त्याला पाऱ्याचा प्रत्येक ठिपका संशयास्पद वाटणारच.

शेवटची वर्षं

१९२६ मध्ये तो कार्ल्सरूहेला गेला. पाऱ्यापासून लांब राहिल्यावर डोकं हळूहळू साफ झालं. पुन्हा काम, पुन्हा लेख. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्याने व्याख्यानं दिली आणि पुढच्या वर्षी त्यांचं बोरॉन आणि सिलिकॉनच्या हायड्राइडवरचं छोटं पुस्तक निघालं. या पुस्तकाची एक गंमत आहे. १९३६ मध्ये शिकागोत हर्बर्ट ब्राउन नावाचा मुलगा पदवीधर झाला, तेव्हा त्याच्या मैत्रिणीने त्याला हे पुस्तक भेट दिलं, कारण दुकानातलं केमिस्ट्रीचं ते सगळ्यात स्वस्त पुस्तक होतं. ब्राउन त्यातूनच बोरॉनकडे वळला आणि १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. बारावीच्या ऑरगॅनिकमध्ये हायड्रोबोरेशन शिकता ना? ते ब्राउनचं.

स्टॉकची एक बाजू झाकून ठेवायला नको. तो नाझी पक्षाचा सदस्य होता, आणि १९३६ ते १९३८ या काळात जर्मन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष. त्याच वर्षांत ज्यू शास्त्रज्ञांना विद्यापीठांतून आणि संस्थांतून हुसकावलं जात होतं. त्याच्या दुखण्यावर बोट ठेवणारे लेविन स्वतः ज्यू होते. ते १९२९ मध्येच वारले. हवेतलं अदृश्य विष मोजणाऱ्या माणसाने भोवतीच्या दुसऱ्या विषाकडे मात्र पाठ फिरवली. विज्ञानातला प्रामाणिकपणा आयुष्यात सगळीकडे आपोआप उतरत नाही, हेही त्याच्याकडूनच शिकायचं.

१९३६ मध्ये तब्येतीमुळे त्याने प्राध्यापकी सोडली. पुढे स्नायूंच्या दुखण्याने चालणं कठीण झालं. महायुद्धात बर्लिन सोडावं लागलं, १९४५ मध्ये सायलेशियातूनही पळावं लागलं. एल्ब नदीकाठच्या आकेन या लहानशा गावात १२ ऑगस्ट १९४६ रोजी तो गेला. वय ७०.

त्यानंतर काय कळलं?

स्टॉकने विचारलेल्या ‘किती?’ या प्रश्नाला उत्तर मिळायला बरीच दशकं गेली. आज मोजमाप सांगतं, की चांदी भरलेल्या दाढांतून दिवसाला साधारण काही मायक्रोग्रॅम पारा वाफेच्या रूपाने सुटतो. फिलिंग जास्त असतील, च्युइंगगम सतत चघळत असाल, झोपेत दात खात असाल, तर थोडा अधिक. आता तुलना करा. वर सांगितलेल्या मर्यादेइतका पारा हवेत असलेल्या कारखान्यात कामगार आठ तासांत साधारण १० घनमीटर हवा घेतो, म्हणजे २५० मायक्रोग्रॅम पारा. दोन आकड्यांतलं अंतर तुमचं तुम्हीच बघा.

२००६ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. एक अमेरिकेत, ५३४ मुलांवर; दुसरा पोर्तुगालमध्ये लिस्बनला, ५०७ मुलांवर. निम्म्यांना अमाल्गम, निम्म्यांना पाऱ्याविना फिलिंग, कोणाला काय हे चिठ्ठीसारखं नशिबावर. पाच ते सात वर्षं पाठपुरावा झाला. अमाल्गमवाल्यांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला. पण बुद्ध्यंक, स्मरणशक्ती, मज्जासंस्था यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

मग जग अमाल्गम सोडतंय का? तर हो, सोडतंय. नॉर्वेने २००८ मध्ये आणि स्वीडनने २००९ मध्ये बंदी आणली, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या सदस्य देशांनी २०३४ पर्यंत दातांतल्या पाऱ्याचा वापर संपवायचं ठरवलं. याचा अर्थ तुमच्या आजीची दाढ विषारी निघाली असा नाही. यामागचं मुख्य कारण आहे पर्यावरण.

हे आपल्याला भाईंदरमध्ये बसून समजणं सोपं आहे. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा किनारा. दवाखान्यातल्या बेसिनमध्ये गेलेला अमाल्गमचा चुरा, तो गाळून धरणारं यंत्र नसेल तर, गटारात जातो आणि गटार कुठे जातं ते आपल्याला माहीत आहे. चिखलातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करू शकतात. ते लहान माशातून मोठ्या माशात साठत जातं आणि मग ताटात येतं. जपानच्या मिनामाता गावात १९५० च्या दशकात कारखान्याच्या सांडपाण्यातून हेच झालं, आणि माणसं मेली. कारखाने आणि कोळसा यांच्या तुलनेत दातांचा वाटा लहान आहे, पण टाळता येण्यासारखा आहे. मग का टाळू नये?

तुमच्या दाढेचं काय करायचं?

दाढेतली जुनी चांदी घट्ट बसली असेल, खालून कीड नसेल, दुखत नसेल, तर ती राहू द्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये हेच सांगितलं. कारण साधं आहे: चांदी काढताना ड्रिलखाली ती तापते, चुरा होतो आणि सगळ्यात जास्त वाफ नेमकी त्याच वेळी सुटते. बसून राहिलेला पारा उठवायचा आणि तोही पैसे देऊन, यात शहाणपण नाही. दातही विनाकारण आणखी कोरला जातो.

चांदी तुटली असेल, कडेने फट पडली असेल, आत कीड लागली असेल, किंवा तिच्या ॲलर्जीने गालाच्या आत चट्टे उठत असल्याचं डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल, तर काढावीच लागते. तेव्हा डॉक्टरांना विचारा: रबर डॅम लावणार का? पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन असेल ना? चुरा करण्याऐवजी मोठे तुकडे करून काढणार का? खिडकी उघडी राहील का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर खूश होऊन उत्तर देईल.

नवीन दाढ भरायची असेल तर दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट किंवा ग्लास आयोनोमर हे पर्याय आहेत. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं, मूत्रपिंडाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असलेले लोक यांनी अमाल्गम टाळलेलं बरं. घरात वहिनी गरोदर असेल, तर तिची जुनी चांदी काढायची घाई त्या नऊ महिन्यांत मुळीच करू नका.

आणि कोणी शरीरातला पारा धुऊन काढायची पावडर, ड्रिप किंवा पॅकेज विकायला आला, तर आधी लघवीतल्या पाऱ्याचा लॅब रिपोर्ट मागा. आकडा नाही तर पैसे नाहीत.

आल्फ्रेड स्टॉकने वर्षानुवर्षं आजार भोगला, तरी शेवटपर्यंत तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मोजत राहिला. पुढच्या वेळी दाढेच्या चांदीवर कोणी घाबरवायला आलं किंवा कोणी हसण्यावारी न्यायला लागलं, तर दोघांनाही त्याचाच प्रश्न विचारा. किती?